मिठीची वंशावळ

पाऊस नुकताच सरलाय. पूर्णिया जिल्ह्यातल्या एका पाणथळीच्या काठावर तुम्ही घोटाभर चिखलात उभे आहात. साल १८०९. भातखाचरांतलं पाणी उतरू लागलंय आणि त्याबरोबर मासे खोलगट जागांत गोळा झालेत. एका कोळ्याने बांबूची टोपली तुमच्यापुढे गवतावर उपडी केली आहे. शेजारी बसलेत ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन. कंपनीने त्यांना बंगालच्या पाहणीवर धाडलंय. माणसं, पिकं, देवळं, रोग, बाजार, सगळं टिपून घ्यायचं. माशांवर मात्र त्यांचा खास जीव. जो मासा येईल त्याचं स्थानिक नाव ते आधी विचारून घेतात, आणि देशी चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतात.

त्या तडफडणाऱ्या ढिगातले चार मासे नीट बघून ठेवा. पुढची दोनशे वर्षं आपण त्यांच्याच मागे हिंडणार आहोत. पहिला करंगळीएवढा, तपकिरी, अंगावर पुसट आडवे पट्टे. दुसरा तळहातात मावेल असा चपटा, वाळक्या पानाच्या रंगाचा आणि अंगाच्या मानाने तोंड फारच मोठं. तिसरा सर्वांत देखणा, लाल-निळ्या तिरप्या रेघांचा, पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर. चौथा गोल अंगाचा, सापाच्या डोक्याचा. त्याच्या घराण्याला तुम्ही ओळखता, आपल्या तळ्यांतली मरळ त्याच घराण्यातली.

आता पहिल्या माशाकडे पुन्हा बघा. टोपलीतून पडला तेव्हा तो गडद होता, आता फिकट पडलाय. तळव्यावर घेतलात तर पट्टेही विरतील. डॉक्टर हे बघतात, पण याचा उपयोग काय करायचा हे त्या काळात कोणालाच माहीत नाही. ते पाठीच्या परातले काटे मोजतात, त्यामागचे मऊ किरण मोजतात, खवले तपासतात. मेलेल्या माशाकडून मिळतं तेवढं सगळं ते काळजीपूर्वक घेतात.

१८१५ साली ते मायदेशी निघतात. इतक्या वर्षांत जमवलेली चित्रं गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज त्यांना नेऊ देत नाहीत, ती कलकत्त्यालाच राहतात. स्कॉटलंडमध्ये गेल्यावर आईकडचं हॅमिल्टन हे नाव ते लावतात, आणि १८२२ मध्ये एडिंबरातून गंगा आणि तिच्या शाखांमधल्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ बाहेर पडतो. तो उघडा आणि आपले चार मासे शोधा. करंगळीएवढा मासा सापडेल ‘लॅब्रस’ या प्रजातीत, म्हणजे युरोपच्या समुद्रातल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या माशांच्या पंक्तीत, ‘बॅडिस’ या नावाने. पानासारखा मासा ‘कोइअस नँडस’. लाल-निळा ‘ट्रायकोपोडस लॅलिअस’. सापतोंड्या ‘ओफिओसेफॅलस गचुआ’. एकाच टोपलीतून आलेले चार मासे एकाच पुस्तकात चार वेगळ्या घरांत गेले. हे चौघे एका रक्ताचे आहेत हे कळायला माणसाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली, आणि ते ज्या वाटेने कळलं ती वाट मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर वाटांपैकी एक वाटते.

पुढची काही दशकं झरझर ओलांडू. संग्रहालयांचे दिवस आहेत हे. स्पिरिटच्या बरण्या, कागदी चिठ्ठ्या, पिवळे पडलेले मासे. १८५०च्या दशकात डच मत्स्यतज्ज्ञ पीटर ब्लीकर बॅडिसला समुद्री माशांतून बाहेर काढून त्याची स्वतंत्र प्रजाती करतात. फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात येतो, त्यात बॅडिस नँडसच्या कुळात आहे. दोघांच्या परांची ठेवण जुळते, हे कारण त्या काळी पुरेसं आहे. हीच मांडणी पुढे नव्वद वर्षं टिकते. ती मोडायला बरणीतला नव्हे, जिवंत मासा लागणार होता.

म्हणून आता लायडनला चला. १९३०चं दशक. निको टिनबर्गेन यांच्या प्रयोगशाळेत खिडकीला लागून काचेच्या टाक्या मांडल्यात. आत काटेरी पाठीचे स्टिकलबॅक मासे. नराचं पोट विणीच्या दिवसांत लालभडक होतं. वाळूत खड्डा करून, पाणवनस्पतींचे धागे स्वतःच्या मूत्रपिंडातून येणाऱ्या चिकट स्रावाने बांधून तो बोगद्यासारखं घरटं करतो. मादी दिसली की तिच्यापुढे नागमोडी नाचतो. बाहेरच्या रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली, तर हे नर टाकीच्या त्या बाजूला धावून जातात आणि हल्ल्याचा पवित्रा घेतात.

टाकीशी जरा वेळ थांबा, कारण इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी. एक नर बघितलात, दुसरा बघितलात, दहावा बघितलात. नाच तोच आहे. कोणी शिकवलेला नाही, आणि तरी तो या जातीच्या काट्यांइतकाच ठरलेला आहे. जवळच्या दुसऱ्या जातीचा, दहा काट्यांचा स्टिकलबॅक शेजारच्या टाकीत सोडा. त्याचा नर लाल नाही, काळा होतो, आणि घरटं तळावर न करता वनस्पतींत जरा वर बांधतो. फरक आहेत, पण खाली सामाईक सांगाडा एकच: घरटं, नाच, मादीला आत नेणं, पित्याने अंड्यांना वारा घालणं. हाडांची तुलना करावी तशी वागण्याचीही तुलना करता येते. १९४१ साली कोन्राड लोरेन्त्स बदकांच्या प्रणयचेष्टांवरून त्यांची नाती मांडतात. स्टिकलबॅकच्या बाबतीत हे काम १९८८ मध्ये कॅनडात डेबोरा मॅक्लेनन आणि त्यांचे सहकारी करतात. नुसत्या विणीच्या वागणुकीवरून ते कुळाचं झाड काढतात.

पण सावध राहा. वागण्यात फसगतही तितकीच होते. अंड्यांना वारा घालणारा बाप स्टिकलबॅकमध्ये आहे, बॅडिसमध्ये आहे, इतर कितीतरी असंबंधित माशांतही आहे. चिकट अंडी एका जागी असली आणि पाणी साचलेलं असलं की ती वाचवायला हाच उपाय पुन्हा पुन्हा निघतो. त्यावरून नातं ठरवाल तर चुकाल. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये कडक नियम मांडला. दोन जीवांत सारखेपण असून भागत नाही. ते सारखेपण त्यांच्या सामाईक पूर्वजात नव्याने आलेलं हवं, आणि त्या शाखेबाहेर सापडता कामा नये. हा नियम खिशात ठेवा आणि १९६०च्या सुमारास बव्हेरियात, झेवीझेनच्या तळ्याकाठी उतरा.

इथे मॅक्स प्लांक संस्थेची वर्तनशास्त्राची शाखा आहे. लोरेन्त्स यांची बदकं अंगणभर हिंडतात. आत मत्स्यालयाच्या खोलीत उबदार दमट हवा आहे, हवेच्या नळ्यांची बुडबुड आहे. अमेरिकेतून शिकायला आलेल्या जॉर्ज बार्लो या तरुणाने आपल्या त्या पहिल्या माशाचा ध्यास घेतलाय. पुढे काही वर्षं तो बॅडिसचे रंग, भांडणं, प्रणय आणि पितृत्व यांवर एकामागून एक लेख लिहील. अशा टाकीपुढे स्टूल ओढून बसा. घाई करू नका.

टाकीच्या तळाशी एक कुंडी आडवी ठेवली आहे. तिच्या तोंडाशी नर आहे. पूर्णियाच्या गवतावर पाहिला होतात तो तपकिरी मासा हाच, हे सांगूनही पटणार नाही. दुसरा नर जवळ येतो आणि याच्या अंगावर गडद पट्टे उमटतात. तो गेला की पट्टे निवतात. मादी दिसली की सबंध अंग काळसर-निळं होतं, परांच्या कडा उजळतात. हे सारं डोळ्यांदेखत घडतं. बार्लो हे रंग वेगवेगळे नोंदतात, आणि प्रत्येक रंगाच्या वेळी मासा पुढे काय करतो तेही लिहून ठेवतात. हॅमिल्टन यांच्या तळव्यावर विरलेले पट्टे म्हणजे त्या माशाची भाषा होती.

मादी कुंडीत शिरते. आता डोकं काचेला लावा. सिक्लिड कुळातले मासे अंडी घालताना तुम्ही पाहिले असतील तर तुमची अपेक्षा ठरलेली असेल: मादी दगडावर अंड्यांची ओळ घालत पुढे सरकते, नर तिच्यामागून त्यांवरून जातो, दोघं एकमेकांना बिलगत नाहीत. इथे तसं होत नाही. नर मादीच्या अंगाला अंग लावतो, कमरेत वाकतो, आणि तिच्याभोवती वळसा घालतो. दोघं काही क्षण त्या मिठीत थिजतात. अंडी सुटतात, नराचं रेत सुटतं, मिठी उकलते. अंडी कुंडीच्या तळाला, भिंतींना चिकटतात. मग पुन्हा मिठी. सगळं संपल्यावर नर मादीला हाकलून देतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत छातीचे पर हलवत अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतो.

ही मिठी तुम्ही आणखी कुठे पाहू शकता? टोपलीतल्या तिसऱ्या माशात, त्या लाल-निळ्या लॅलिअसमध्ये. त्याचा नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं करतो आणि त्याखाली मादीला वेढून तिला उताणी करतो, म्हणजे तरंगणारी अंडी वर बुडबुड्यांत जातात. गुरामी, झुंजारू बेट्टा, सगळा तो गोतावळा अशीच मिठी घालतो. घरटं वेगळं, अंडी वेगळी, जागा वेगळी, पण वळसा तोच.

आणि तरीही बॅडिसला गुरामींच्या जवळ ठेवायला शरीररचना आडवी येते. गुरामी हवा घेतात. त्यांच्या कल्ल्यांच्या वर, पहिल्या कमानीच्या हाडापासून बनलेला घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्यात ते तोंडाने घेतलेली हवा साठवतात. बॅडिसमध्ये हा अवयव नाही. मग खरं काय मानायचं, मिठी की कल्ल्यावरचा अवयव?

याचं उत्तर शोधायला इलिनॉयला जा. जावात जन्मलेला कारेल लीम १९६३ मध्ये गुरामींच्या सांगाड्यांवर प्रबंध छापतो. त्याच्या टेबलावरच्या बाटल्या उजेडात धरून बघा. पोटॅशच्या द्रावणात माशाचं मांस पारदर्शक केलंय, अलिझरिनने हाडं लालजांभळी रंगवलीत, आणि सगळं ग्लिसरीनमध्ये ठेवलंय. मासा काचेसारखा दिसतो आणि त्यात सांगाडा तरंगतो, एक हाडही जागचं हललेलं नाही. लीमसारखी बारीक नजर असेल तर बॅडिस आणि नँडस यांच्यातला फरक लगेच डोळ्यांत भरेल. नँडसचा जबडा नळीसारखा पुढे फेकला जातो. पानासारखं निपचित तरंगायचं आणि मासा जवळ आला की तोंड पुढे टाकून त्याला आत ओढायचं, हे त्याचं जगणं. बॅडिसचं तोंड लहान, फारसं पुढे न येणारं. किडे-अळ्या टिपून खाणाऱ्याला तेवढं पुरतं.

१९६८ साली लंडनच्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात बार्लो, लीम आणि झेवीझेनचे वोल्फगांग विकलर यांचा संयुक्त लेख येतो. एकाने वागणं बघितलंय, एकाने हाडं, एकाने अंडी आणि पिल्लांची वाढ. तिघांचे पुरावे जोडून ते बॅडिसला नँडसच्या कुळातून काढून त्याचं वेगळं कूळ करतात. मला या लेखाचं महत्त्व एवढ्यासाठी वाटतं की त्यात वर्तन शोभेला नाही. ते हाडांच्या बरोबरीने साक्षीला उभं आहे.

पण हाडांची जाणही फसते, आणि ती कुठे फसते हे बघण्यासारखं आहे. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या काळ्या पाण्यात ल्युसिओसेफॅलस नावाचा लांबुडका, टोकदार तोंडाचा शिकारी मासा राहतो. त्याचा जबडा इतका पुढे येतो की अस्थिमत्स्यांत त्याला तोड क्वचित मिळेल. लीमने १९६७ मध्ये त्याची चिरफाड केली आणि तो गुरामींचा नातलग नाहीच, असा निकाल दिला. डोक्याची सगळी रचनाच वेगळी दिसत होती. आता १९९०च्या दशकात, रुडॉल्फ ब्रिट्झ आणि त्यांचे सहकारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काय बघतायत ते बघा. पडद्यावर ल्युसिओसेफॅलसचं अंडं आहे. त्याच्या पृष्ठभागावर उंचवट्यांच्या रेघा सर्पिलाकार फिरत एका टोकाला, शुक्राणू आत शिरण्याच्या सूक्ष्म छिद्राकडे जातात. नंतर चॉकलेट गुरामीचं अंडं ठेवतात, त्यावर तसेच वळसे. ईशान्य भारतातल्या क्टेनॉप्सच्या अंड्यावर तसेच, म्यानमारच्या पॅरास्फेरिक्थिसच्याही. १९९५ मध्ये अंड्यांच्या पृष्ठभागाची ठेवण आणि प्रजननाची पद्धत या दोहोंच्या आधाराने ते या चौघांना एका फांदीवर बसवतात. ज्याला गुरामी मानायलाच नकार होता, तो गुरामींच्या ऐन मध्यावर निघाला.

लीमची नजर उणी नव्हती. त्याने ज्या अवयवावर विश्वास ठेवला तोच दगा देणारा होता. जबडा भक्ष्याच्या मागे धावतो. शिकारीचा प्रकार बदलला की तो काही लक्ष वर्षांत ओळखू येणार नाही इतका बदलतो. अंड्याच्या कवचावरच्या रेघांना किंवा मिठीच्या वळशाला भक्ष्याशी देणंघेणं नसतं. तिथे जुनं टिकून राहायला वाव असतो. कोणत्या अवयवावर कोणत्या प्रश्नासाठी भरवसा ठेवायचा, हे कळणं हीच या विद्येतली खरी पारख.

याच पारखेने पानमाशांचंही कोडं सुटतं. आशियातला नँडस, आफ्रिकेतला पॉलिसेंट्रॉप्सिस आणि दक्षिण अमेरिकेतला मोनोसिर्‍हस, तिघेही वाळक्या पानासारखे, तिघांची तोंडं नळीसारखी. अनेक दशकं ते एका कुळात होते. ब्रिट्झ १९९७ मध्ये दाखवतात की आफ्रिकी आणि अमेरिकी मंडळींच्या पिल्लांच्या डोक्यावर चिकट स्राव सोडणारी एक ग्रंथी असते, तिने ती लटकून राहतात. ही खूण त्या दोघांना एकमेकांशी जोडते आणि नँडसला बाहेर ठेवते. पुढे २०१३ आणि २०१५ मध्ये जनुकांवरून काढलेली झाडं येतात, त्यांतही आफ्रिकी-अमेरिकी पानमासे सिक्लिडांच्या बाजूला जातात. पान होण्याची युक्ती दोनदा स्वतंत्रपणे निघाली.

आणि नँडस? तो, बॅडिस, गुरामी आणि सापतोंड्या मरळींचं कूळ, चौघेही जनुकांच्या झाडावर एकाच गणात येतात. टोपलीतले चारही. हॅमिल्टन यांनी नँडसला आणि कोई माशाला, म्हणजे पाण्याबाहेर सरपटत जाणाऱ्या त्या हवा घेणाऱ्या माशाला, एकाच ‘कोइअस’ प्रजातीत घातलं होतं. कारणं वेगळी होती, तरी ते जोडपं योग्य गोतात पडलं होतं. बॅडिस, नँडस आणि अनेक गुरामींच्या कवटीच्या तळाच्या हाडावर दात असतात, ही हाडांची साक्षही तेव्हापासून तिथेच होती. आणि मरळीचा नर विणीच्या वेळी मादीला वेढा घालतोच. मग दोघं लालसर पिल्लांचा थवा राखत तळ्यात फिरतात. तो थवा आपल्याकडे मासेमारी करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

बॅडिसच्या कुळाचा पसारा सह्याद्रीपर्यंत आहे, हे मात्र उशिरा कळलं. २०१२ मध्ये इथल्या ओढ्यांतून ‘डॅरिओ यूरॉप्स’ नोंदला गेला, २०१५ मध्ये कर्नाटकातून ‘डॅरिओ हुली’, २०१८ मध्ये वायनाडमधून ‘डॅरिओ नीला’. हे मासे इतके लहान आहेत की ओढ्यात उभे असाल तर पायाशी असूनही दिसणार नाहीत. फॉर्मेलिनमध्ये त्यांची हाडं, खवले, काटे शाबूत राहतात. रंगांची भाषा आणि मिठी राहत नाही, म्हणून हे ओढे वाहते राहणं या विद्येसाठी संग्रहालयाइतकंच गरजेचं आहे.

शेवटची उडी लांबची आहे. सुमारे २ कोटी ६० लाख वर्षं मागे, मध्य तिबेटमध्ये. आज ही जागा समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरहून उंच, गार आणि उजाड आहे. तुम्ही उभे आहात तिथे मात्र उकाडा आहे, काठाला ताडमाड वाढलेत आणि पाणी गढूळ, उथळ आहे. त्यात एक मासा वर येऊन हवेचा घोट घेतो. २०१७ मध्ये त्याचे जीवाश्म ‘इओअनॅबस’ या नावाने जगापुढे येतील. हाडांवरून तो कोई माशांच्या घराण्यातला आहे हे स्पष्ट आहे, आणि तो इथे आहे म्हणजे ही भूमी तेव्हा सखल आणि उष्ण होती, हेही.

खडकात त्याचं वागणं उरलेलं नाही. पण तुमच्या हातात आता झाड आहे. बॅडिस मिठी घालतो, गुरामी घालतो, मरळ घालते, आजचा कोईही विणीच्या वेळी मादीभोवती क्षणभर वळतो. ही सवय चारही फांद्यांवर असेल तर ती फांद्या फुटण्याआधीच्या बुंध्यात असली पाहिजे, आणि इओअनॅबस त्या बुंध्याच्या वरचा आहे. तेव्हा या गढूळ पाण्यात नर मादीला वेढेल, हे तुम्ही न बघताही बऱ्याच खात्रीने सांगू शकता. अंडी सोडल्यावर तो त्यांच्यापाशी थांबेल का, हे मात्र झाडावरून सांगता येत नाही. आजचा कोई तरंगती अंडी टाकून निघून जातो, तर त्याच घराण्यातले आफ्रिकेतले काही मासे घरटं करून राखण करतात. एवढ्यासाठी तुम्हाला पाण्यात वाकून बघावंच लागेल.